माफ केलं म्हणून चार वर्षं झाली, तरी प्रभुभोजनाला हात थरथरतो

रामबागकर

सर्वांना सलाम.

बरेच महिने नुसतं वाचतेय, लिहायला आज बसलेय. मी इंदूरची, जन्म इथलाच. आजोबा नगरकडून मिशन शाळेत मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले, त्यामुळे आमच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि चर्चमध्ये दोन्ही, पण 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गाणी अजून मराठीच म्हणतो. वय ५८. एक मोठा भाऊ, बाकी माहेर म्हणावं असं आता कोणी नाही.

बाबा २०१४ मध्ये गेले. तीन आठवडे झाले असतील, दादा कागद घेऊन आला, म्हणाला नगर निगमात नामांतरण करायचंय, घराचा टॅक्स अजून बाबांच्या नावाने येतोय, इथे इथे सही कर. मी पोळ्या करत होते, हाताला पीठ होतं, पुसून सही केली. वाचलं नाही. आपल्या भावाने आणलेला कागद कोण वाचतं? तो हक्कत्याग होता, घरातला माझा हिस्सा मी सोडल्याचा कागद. दोन वर्षांनी घर विकलं गेलं ते मला जुन्या शेजारणीकडून कळलं, तिने सहज विचारलं की तुला किती मिळाले गं.

पाच वर्षं बोलले नाही. मग चार वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आमच्या पाळकसाहेबांनी दोघांना उपासनेनंतर आतल्या खोलीत बसवलं, प्रार्थना केली, म्हणाले आता हात मिळवा. मी म्हटलं, दादा मी तुला माफ केलं. वहिनी रडल्या, मी रडले. दादा म्हणाला, जाऊ दे, झालं गेलं विसरून जाऊ. बस, एवढंच म्हणाला. हे वाक्य विसरायचा अधिकार त्याचा होता का माझा, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो माझ्या दोन बाक पुढे असतो. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, गुडघे टेकतो, त्याची मान मला मागून दिसते, अगदी बाबांसारखी मान आहे, आणि माझ्या हातात पेला आला की हात थरथरतो. मी माफ केलं ना? मग हे काय आहे?

आता लिहायचं कारण सांगते. गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला की दादाची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आणि माझ्या मनात पहिला विचार आला, बरं झालं. मी खरंच असा विचार केला. फोन ठेवला आणि ओट्याजवळ तशीच उभी राहिले. प्रभूची प्रार्थना मला लहानपणापासून पाठ आहे, त्या रात्री मधली क्षमेची ओळ तोंडातून निघेना.

माझी क्षमा खोटी होती का? ज्यांनी खरंच कुणाला मनापासून क्षमा केलीय त्यांनी सांगा, ती कशी करतात. वचनं मला माहीत आहेत, नुसती वचनं नका देऊ.

आशेचा_किरण

ताई, प्रार्थना करते तुमच्यासाठी. प्रभूवर भार टाका, सगळं ठीक होईल. विसरा आणि पुढे चला, राग धरला तर आपलंच नुकसान.

जुना_कॅशियर

ताई, सलाम. मी ३४ वर्षं बँकेत काढली, पाळक नाही, बायबल कॉलेजला गेलो नाही, तेव्हा बँकेच्याच भाषेत बोलतो, राग मानू नका.

आपल्या मराठी बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात ती ओळ अशी आहे, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' ऋण. मूळ ग्रीक शब्दही देण्याचाच आहे. लूकमध्ये पाप शब्द येतो पण त्याच वाक्यात पुढे ऋणी येतोच. आपण रोज म्हणतो म्हणून कानावरून जातं, पण ही कर्ज सोडून देण्याची भाषा आहे, ज्याला सावकार माहीत आहे त्यालाच ती नीट कळते.

आता बँकेत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक दोन्हीला माफीच म्हणतात. एक राइट-ऑफ. कर्ज बुडीत झालं, बरीच वर्षं वसूल होत नाही, तर बँक ते ताळेबंदातून काढून टाकते, खातं दिसायला स्वच्छ होतं. पण कर्जदार सुटत नाही बरं का! वसुली चालूच असते, नोटिसा जातात, केस चालते, कधी दहा रुपये आले तर ते घेतले जातात. दुसरी खरी माफी, म्हणजे येणं सोडून दिलं, आता मागायचा हक्कच राहिला नाही.

चार वर्षांपूर्वी त्या खोलीत तुम्ही जे केलंत ते मला राइट-ऑफ वाटतं. ते खोटं नव्हतं, वही स्वच्छ दिसली, सगळ्यांना बरं वाटलं. पण वसुली आत चालू राहिली, आणि तो आजारी पडल्यावर मनाने हप्ता जमा करून घेतला. बरं झालं म्हणजे तेच, थोडी वसुली झाली. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये, मी स्वतः माझ्या मेहुण्याबाबत अकरा वर्षं हेच करत होतो.

आणि तुमचं माफ करणं अडलं कुठे तेही मला दिसतंय. रक्कम कोणी सांगितलीच नाही. मत्तय १८ मध्ये येशूने सांगितलेल्या गोष्टीत राजा आधी हिशेब घ्यायला बसतो. दहा हजार तालांत, आकडा ठरतो, दास समोर उभा राहतो, आणि मग राजा सोडून देतो. एक तालांत म्हणजे साधारण ६००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी होते. पुढे हाच सुटलेला दास ज्या सोबतीच्या दासाचा गळा धरतो, तो त्याचं देणं लागत होता १०० दिनार, तेही थोडं नाही हो, तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी! येशूने ते शून्य नाही म्हटलं. तुमचं येणं लहान आहे, सोडून द्या, असं तो म्हणतच नाही. तुमच्याकडे मात्र हिशेब व्हायच्या आधीच हात मिळवले गेले.

एक काम करा. एक वही घ्या आणि दादा तुमचं काय काय देणं लागतो ते लिहून काढा. नुसतं घर नाही, सगळं. मग बघा काय सोडायचंय.

पहाटतारा

मी कॅथलिक, लाल चर्चच्या पॅरिशमधली, इंदूरचीच. कॅशियर काकांचं वाचून अंगावर काटा आला, कारण मला सिस्टर राणी मारिया आठवल्या आणि त्यांची सगळी गोष्टच कर्जाची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केरळच्या पुल्लुवळीच्या, जन्म १९५४, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर. आपल्या इथून जवळ देवास जिल्ह्यात उदयनगरला भूमिहीन मजुरांत काम करायच्या, सावकाराच्या विळख्यातून लोकांना बाहेर काढायच्या. ते सलत होतं काहींना. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, लोकांच्या देखत, समंदर सिंग नावाच्या माणसाने त्यांच्यावर पन्नासहून जास्त वार केले. ४ नोव्हेंबर २०१७ ला त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मी सेंट पॉल शाळेच्या मैदानात होते, गर्दी एवढी की मुलाला खांद्यावर घेऊन उभी होते, आणि समंदर सिंग स्वतः त्या सोहळ्याला आला होता.

लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा एका दमात सांगतात, खून झाला, बहिणीने माफ केलं, राखी बांधली. मधली वर्षं कोणी सांगत नाही. खून १९९५, राखी २००२. सात वर्षं! त्यांची सख्खी धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, तीही त्याच संघाची सिस्टर, ती इंदूरच्या जेलमध्ये गेली आणि ज्या हाताने बहीण मारली त्या हाताला राखी बांधली. त्याआधी स्वामी सदानंद म्हणून एक कॅथलिक धर्मगुरू त्या माणसाला जेलमध्ये भेटायला जात होते. तो स्वतः तेव्हा सूडानेच पेटला होता, ज्यांनी भरीस घातलं त्यांच्यावर. म्हणजे दोन्ही टोकांनी काम चाललं होतं. नंतर त्यांची आई एलिस्वा आली, तिने त्याचे हात हातात घेतले आणि त्यांचं चुंबन घेतलं, की या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलंय. मी आई आहे आणि मला हे लिहितानाही जमत नाहीये. त्या आईने काय झालं ते विसरलं नव्हतं, तिने नेमका तोच हात धरला.

मग घरच्यांनीच अर्ज केला आणि २००६ मध्ये त्याची सुटका झाली. तो उदयनगरला समाधीवर येत असतो.

ताई, तुमची अजून चारच वर्षं झालीत.

बडोदेकर_लेक

मी सगळं वाचलं. वाईट वाटून घेऊ नका कुणी, पण मला हे सगळं वाचताना श्वास कोंडला.

मी बडोद्याची, फतेगंजकडे राहते. लग्नानंतर सहा वर्षं मार खाल्ला. दोनदा चर्चमधल्या वडीलधाऱ्यांकडे गेले, दोन्ही वेळा मला हेच सांगितलं, पेत्राने विचारलं किती वेळा क्षमा करू, प्रभू म्हणाला साताच्या सत्तर वेळा. आणि घरी पाठवलं. दुसऱ्यांदा घरी गेले तेव्हा माझा कानाचा पडदा फाटला. आज मी आईकडे आहे, मुलगी माझ्याजवळ आहे, केस चालू आहे. आणि अजूनही मंडळीतल्या बायका येऊन म्हणतात क्षमा कर, ख्रिस्ती आहेस ना तू.

माझ्यासारखीला तुमची ती वही काय कामाची? मी सगळं लिहून काढलं तर वही पुरायची नाही. आणि मी ऋण सोडलं तर तो उद्या पुन्हा दारात उभा राहील.

जुना_कॅशियर

बेटा, तुला ज्यांनी परत पाठवलं त्यांनी चूक केली. आधी हे लिहितो, बाकीचं मग.

सियोनची_वाट

बडोदेकर ताई, मी पाळकांची बायको, २६ वर्षं झाली, चार गावं फिरले, आता ग्वाल्हेरला आहे. तुमच्यासारख्या बायका माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्यात, म्हणून जे खरं वाटतं तेच सांगते.

क्षमा आणि परत एकत्र येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण मंडळीत त्यांची खिचडी करतो आणि त्यात बायका भरडल्या जातात. क्षमा मी एकटी करू शकते, देवासमोर, बंद खोलीत. परत एकत्र यायला दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाला बदलावं लागतं. लूक १७ मध्ये प्रभू म्हणतो तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि तो पश्चात्ताप करील तर क्षमा कर. दटावणं आधी आहे! ते अर्धं वचन कोणी सांगत नाही. पौल रोमकरांस लिहितो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तेवढं, सगळ्यांशी शांतीने राहा. शक्य असेल तर. म्हणजे कधी शक्य नसतं हे त्यालाही माहीत होतं.

योसेफाचं बघा. भावांनी त्याला विकलं होतं. ते मिसरात धान्याला आले तेव्हा त्याने त्यांना लगेच मिठी मारली नाही, उत्पत्ती ४२ पासून ४५ पर्यंत तो त्यांना पारखतोय, आत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो. धाकट्या बन्यामिनाला तरी हे आता सोडून देतात का, हे त्याला बघायचं होतं. त्यांच्यातला यहूदा पुढे आला, म्हणाला याच्याऐवजी मला गुलाम ठेवा, तेव्हा कुठे त्याने सांगितलं मी योसेफ. मन त्याचं आधीच मऊ झालं होतं, विश्वास मात्र त्याने पारखूनच ठेवला.

आणि केस चालू ठेवा. ग्लॅडिस स्टेन्स बाईंचं आठवतं का, जानेवारी १९९९, ओडिशात मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दोन मुलगे, फिलिप दहा वर्षांचा आणि तिमथी सहा वर्षांचा, गाडीत झोपलेले असताना जाळले. बाईंनी उघड सांगितलं की मी क्षमा केलीय, आणि कायद्याचं काम कायदा करेल हेही सांगितलं. बारीपदाला कुष्ठरोग्यांची सेवा करत त्या आणखी काही वर्षं तिथेच राहिल्या. आरोपींना शिक्षा झाली, जन्मठेप झाली. क्षमेने कोर्ट बंद पडलं नाही.

तुम्ही त्याच्या दारात जायचं नाही. तो आला तर १८१ लावायचा, तो महिलांचा हेल्पलाइन नंबर आहे. क्षमेला वेळ लागू दे, देवाला घाई नाही, घाई आपल्या मंडळीतल्या लोकांना असते.

बडोदेकर_लेक

दटावणं आधी आहे हे मला आजपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. मी वचन उघडून पाहिलं, खरंच आहे. थँक्यू काकू. अजून काही लिहायला सुचत नाही.

मोतीझील

मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितोय. मी फसवणारा भाऊ आहे.

ग्वाल्हेरला आमचं वडिलांचं दुकान होतं. धाकटा भाऊ बाहेर नोकरीला, हिशेब माझ्याकडे. सात वर्षं मी त्याला खोटा हिशेब दाखवला. मुलीचं शिक्षण होतं, कर्ज होतं, कारणं भरपूर होती माझ्याकडे. एका उपवासकाळात प्रवचन मत्तय ५ वर होतं, की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी अर्पणाची थैली फिरवणारा माणूस होतो, थैली हातात होती त्या दिवशी.

भावाला फोन केला, म्हटलं माझं काही चुकलं असेल तर माफ कर. तो म्हणाला बरं. बस्स. तीन महिने काही बदललं नाही, आणि मलाच राग यायला लागला की मी माफी मागितली तरी हा धड बोलत का नाही. मग कळलं की मी काही मागितलंच नव्हतं. 'चुकलं असेल तर' यात मी काहीच कबूल केलेलं नाही. रामबागकर ताई, तुमच्या दादाचं 'झालं गेलं विसरू' तसंच आहे, त्यात त्याने काय केलं हे कुठे आहे?

दुसऱ्यांदा रेल्वेने गेलो, समोर बसलो आणि वर्षवार सांगितलं. कुठल्या वर्षी किती. तो माझ्याकडे न बघता ऐकत होता, त्याची बायको उठून आत गेली. बायबलातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवलेल्यांना चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, माझ्याकडे चौपट नव्हतं, मूळ रक्कमही नव्हती, म्हटलं महिन्याला एवढे देईन. चार वर्षं देतोय. दुसऱ्या वर्षी त्याने हप्ता परत पाठवला, मी पुन्हा पाठवला. त्याने कधी तोंडाने 'माफ केलं' म्हटलेलं नाही, पण गेल्या नाताळात करंज्यांचा डबा आला त्याच्याकडून.

ताई, तुमच्या दादाला कदाचित काय बोलायचं ते माहीत नाहीये. मला दोन प्रयत्न लागले.

शेजारी_सुदामानगर

मी ख्रिस्ती नाही, हा धागा एका मैत्रिणीने पाठवला. एक प्रश्न मनापासून, दुखवायचा हेतू नाही. नाथांची गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात, पैठणला गोदावरीतून आंघोळ करून येताना एक माणूस अंगावर थुंकायचा, नाथ परत जाऊन आंघोळ करायचे, असं १०८ वेळा झालं आणि शेवटी तोच पाया पडला. आमच्या गल्लीतले जैन लोक पर्युषणाच्या शेवटी हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. म्हणजे क्षमा सगळ्यांकडेच आहे. पण हक्काचं घर गेलं असताना माफ करा म्हणणं हे दुबळेपण नाही का? आणि ताईंनी कोर्टात का जाऊ नये?

जुना_कॅशियर

चांगला प्रश्न आहे. आमच्याकडे काही लोक १ करिंथ ६ दाखवतात की भावाभावांनी न्यायालयात जाऊ नये, त्यापेक्षा नुकसान सोसा. पण त्याच ठिकाणी पौल आधी विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? म्हणजे मंडळीने बसून, कागद बघून, निवाडा करायला हवा होता. ताईंच्या बाबतीत तो झाला नाही, नुसती प्रार्थना झाली. कोर्टात जायचं की नाही हे त्यांनी वकिलाशी बोलून ठरवावं, त्याने क्षमा खोटी ठरत नाही.

दुबळेपणाबद्दल. २००८ ची शेतकऱ्यांची कर्जमाफी आठवते का? बजेटमध्ये ६०,००० कोटींची घोषणा झाली होती. मी तेव्हा ग्रामीण शाखेत होतो, लाभार्थींच्या याद्या शाखेत लावल्या, लोक नाव शोधायला यायचे, वाचता येत नसेल त्यांना मी बोट ठेवून दाखवायचो. एका म्हाताऱ्याने विचारलं, साहेब, मग माझे पैसे गेले कुठे? त्याला वाटलं कर्ज हवेत विरघळलं. मी सांगितलं, बाबा, विरघळलं नाही, तुझ्याऐवजी सरकार बँकेला भरणार आहे. तो बराच वेळ बसून होता.

माफीत कोणीतरी भरतंच. आमचा विश्वास असा की क्रूसावर ते भरलं गेलं. 'हे बापा, त्यांना क्षमा कर' हे खिळे ठोकले जात असताना म्हटलेलं आहे, बरं वाटायला लागल्यावर नाही. आणि मी मेहुण्याला सोडतो तेव्हा माझा वाटा मी भरतो, ते पैसे मला पुन्हा मिळणार नाहीत. हे परवडायचं असेल तर आपलं कोणीतरी आधी भरलंय हे आठवावं लागतं, नाहीतर माणूस कंगाल होऊन जाईल. दुबळ्याला हे जमत नाही दादा, निदान मला तरी दुबळा असताना जमलं नव्हतं.

शेजारी_सुदामानगर

समजलं. धन्यवाद काका.

रामबागकर

दहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचं सगळं वाचलं, काही दोनदा. मोतीझील दादा, तुमचं वाचून मी रडले, तुमच्या भावाची बायको उठून आत गेली ते मला दिसलं.

कॅशियर काका, वही घेतली. आधी घराची रक्कम लिहिली, माझा अर्धा हिस्सा तेव्हाच्या भावाने. वाटलं होतं हेच सगळ्यात मोठं असेल. लिहून झालं आणि तितकंसं काही वाटलं नाही. मग लिहीत गेले. पीठ लागलेल्या हाताने सही घेतली, हे लिहिलं. शेजारणीसमोर मी खोटं बोलले की मिळाले मला माझे पैसे, भावाची अब्रू झाकायला, हे लिहिलं. घर रिकामं करताना मला बोलावलं नाही. आणि मग बाबांचं बायबल. आजोबांचं होतं ते, पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांनी आणि मग बाबांनी आमच्या सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे शाईने लिहिले होते, माझ्या जन्माची ओळ बाबांच्या अक्षरात, 'कन्यारत्न झाले, प्रभूचा धन्यवाद'. ते कुठे गेलं मला माहीत नाही. घराच्या सामानात विकलं गेलं की काय. हे लिहिताना पेन थांबलं आणि मी ओट्यावर डोकं टेकवून रडले, घर विकल्याचं कळलं तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. म्हणजे मला घर हवं होतं पण त्याहून ती ओळ हवी होती, की या घरात मी जन्मले याचा कागद.

अकरा ओळी झाल्या. मग प्रार्थनेत एकेक ओळ वाचली. काही सुटल्या. घराची ओळ सुटली, मला स्वतःला खरं वाटेना. बायबलची नाही सुटली. शेजारणीसमोरच्या खोट्याची सुटली आणि दुसऱ्या दिवशी परत आली, मग परत सोडली. सुटली नाही ते देवाला तसंच सांगितलं, खोटं कशाला सांगू.

वहिनींना फोन केला. मंगळवार आणि शुक्रवार असतो डायलिसिस, वहिनींचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. मी म्हटलं मंगळवार मी जाते. गेले. चार तास लागतात, मला माहीतच नव्हतं, नळीतून रक्त बाहेर जातं आणि परत येतं, समोर दिसतं सगळं. दादा बारीक झालाय. आधी अर्धा तास दोघंही पंख्याकडे बघत होतो. मग मी सांगितलं. म्हटलं दादा, चार वर्षांपूर्वी मी माफ केलं म्हणाले ते घाईत म्हणाले होते. तू मला काय सांगून सही घेतलीस ते मला अजून आठवतं, आणि ते चूक होतं. भांडायला आले नाहीये. घराचे पैसे मी सोडले, आता मागणार नाही, पण ते माझे होते हे तुला माहीत असू दे. आणि बाबांचं बायबल कुठे आहे?

तो काही बोलला नाही. नर्स आली, बीपी बघितलं, गेली. मग डोळे मिटूनच म्हणाला, तुला वाचून दाखवायला पाहिजे होतं तेव्हा. मी म्हटलं, हो. परत थोड्या वेळाने म्हणाला, बायबल असेल माळ्यावर, शोधायला सांगतो.

असेल म्हणाला. आहे नाही म्हणाला. पण मला कसं सांगू, 'वाचून दाखवायला पाहिजे होतं' हे ऐकून छातीतलं काहीतरी खाली बसलं.

या रविवारी प्रभुभोजन होतं. दादा आला नाही, अशक्तपणा आहे. त्यामुळे हात थरथरला असता की नाही ते कळलं नाही. बाकावरची ती जागा रिकामी होती आणि मला त्याची आठवण आली, एवढं मात्र खरं.

बडोदेकर ताई, तुमचं नाव माहीत नाही, तरी रोज रात्री तुमच्यासाठी आणि तुमच्या लेकीसाठी प्रार्थना करते.

बडोदेकर_लेक

ताई, मी पण वही घेतलीय. चार पानं झालीत. सोडलं काहीच नाही अजून, फक्त लिहितेय. पण लिहिलेल्या रात्री झोप लागली.

सियोनची_वाट

लिहा बाळा. स्तोत्रंही अशीच लिहिली गेलीत, त्यात कितीतरी ठिकाणी माणूस देवाजवळ तक्रारच करतोय. आणि ती वही कुणाला दाखवायची नाही, वकिलाला पाहिजे असेल तर तेवढीच गोष्ट वेगळी.

पहाटतारा

रामबागकर ताई, येत्या २५ फेब्रुवारीला आमच्या पॅरिशमधल्या काही बायका उदयनगरला जाणार आहोत, सिस्टरांच्या समाधीवर. तुम्ही प्रॉटेस्टंट आहात, आमच्यासारखी प्रार्थना नसेल तुमची, तरी यायचं असेल तर गाडीत जागा आहे.

रामबागकर

येईन. तो वार मंगळवार नसेल तर नक्की येईन.

जुना_कॅशियर

ताई, जिन्यांचं वाचलं. मी रोज सकाळी पलासियाकडून जातो, गाडी रिकामीच असते. मंगळवारी तुम्हाला आणि दादांना किती वाजता घेऊ?